पेपर चुकला म्हणून पान फाडू नका

नमस्कार मंडळी. लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला खोली करून जी लेकरं नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करायलेत त्यांच्याशी आज बोलायचंय, आणि गावाकडून एसटीनं डबा धाडणाऱ्या त्यांच्या आईबापांशी पण.

काही पोरं-पोरी काय करतात, वहीत एक खाडाखोड झाली की अख्खं पान फाडतात अन् परत पहिल्यापासून लिहितात, हेडिंगला वेगळा पेन, आकृतीला वेगळा, यातच रात्रीचे बारा वाजतात. त्याहून वाईट म्हणजे सिलॅबस पूर्ण झाल्याशिवाय टेस्टच देत नाहीत, मार्क कमी पडले तर काय म्हणून. बहुतेक वेळा हुशार लेकरंच यात अडकतात, बघून जीव तुटतो.

जरा हिशोब करा. नीटला 180 प्रश्न, बरोबरला 4 मार्क, चुकलं की 1 वजा. समजा 30 चुकले, 20 सोडले, तरी 130 बरोबर, म्हणजे 520 मधून 30 गेले, 490 राहिले. पन्नास प्रश्न हातचे जाऊनसुद्धा! पण तिसऱ्याच प्रश्नाला 'हा आलाच पाहिजे' म्हणून दहा मिनिटं अडून बसलं की पुढचे सोपे प्रश्न वाचायचेच राहतात, वेळ 180 मिनिटंच असतो ना.

आणि हे मी नुसतं धीर द्यायला सांगत नाही. अमेरिकेत 2001 साली बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, जे उत्तर आपण छातीठोकपणे देतो आणि चुकतं, त्याचं बरोबर उत्तर मागोमाग कळलं तर ते जास्त पक्कं बसतं. मागोमाग कळलं तर, हं. म्हणून मार्क बघून पेपर गादीखाली सारू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं कारण लिहा: 'अयोग्य' हा शब्द वाचलाच नाही, दहाचा घात चुकला, ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल एक ओळ खाली भरला, की खरंच येत नव्हतं. खरंच येत नव्हतं तेवढ्यालाच पुस्तक उघडायचं, बाकीच्याला परत आख्खा धडा वाचत बसू नका.

झोप उडाली, जेवण जात नाही, रडू येतंय असं रोजच व्हायला लागलं तर 14416 ला फोन लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आईबापांनो, टेस्ट झाली की फोनवर पहिलंच 'किती पडले' नका विचारू, शेजारच्या पोराचे मार्क तर सांगूच नका. कोणता प्रश्न अडला ते विचारा. तुम्हाला फिजिक्स कळत नसलं तरी चालतंय, लेकराला सांगता सांगताच कळतं आपण कुठं चुकलो ते.