वाळूत हलकी गाडीच चालते: मेयर्स मँक्सची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

किनाऱ्यावर गाडी रुतली की जमलेल्या माणसांतलं कोणीतरी हमखास म्हणतं, 'फोर-व्हील पाहिजे होती.' 1964 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला ब्रूस मेयर्स यांनी वाळूसाठी जी उघडी गाडी बांधली, तिच्यात इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना होता. मेयर्स फायबरग्लासच्या बोटी बनवण्यात तरबेज. त्यांनी गाडीही तशीच घडवली: अंग फायबरचं, छप्पर नाही, दारं नाहीत. ती वाळूतली बग्गी म्हणजे मेयर्स मँक्स.

इंजिन, गिअरबॉक्स फोक्सवॅगन बीटलचे. बीटलचं वजन साधारण 800 किलो. पत्र्याचं अंग काढून फायबरचं बसवलं की गाडी पाचशे-साडेपाचशे किलोंवर येते. शिवाय बीटलचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, म्हणजे उरलेल्या वजनातलं बरंचसं जोर लावणाऱ्या चाकांवरच पडतं. पुढची चाकं हलकी राहतात, वाळू नांगरत बसत नाहीत. टायरची हवा 10-12 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरून जाते. फारच कमी केलीत तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो.

हलक्या नाकाचा तोटाही आहे. स्टिअरिंग फिरवावं आणि गाडीने सरळच जावं, असं मऊ वाळूत होतं. त्यावर बग्गीवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र हातब्रेक. डावीकडे वळायचंय? डावा दांडा ओढायचा. ते चाक थबकतं, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जोडणी, जोर उजवीकडे पाठवते आणि गाडी जागच्या जागी वळते. एकच चाक नुसतं भिरभिरत असेल तेव्हाही हाच दांडा कामाला येतो.

पहिल्या बारा गाड्यांना वेगळी चासी नव्हती, फायबरचा सांगाडाच सगळा भार पेलायचा. मजबूत होत्या, पण खर्च परवडेना. मग मेयर्सनी बीटलचीच चासी आखूड करून वापरायचं ठरवलं, आणि खरी मेख आहे ती या कापाकापीत. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 94.5 इंच. त्यातले 14.5 इंच काढले की राहतात 80. काप घेतात तो मागच्या टॉर्शन हाउसिंगच्या, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे ज्या आडव्या नळीत असतात तिच्या, थोडा पुढे. चासीच्या मधोमध असलेल्या पोकळ बोगद्यातून पेट्रोलची नळी जाते, म्हणून टाकी उतरवून नळी धुऊन घेतल्याशिवाय ग्राइंडर लावायचा नाही. दोन्ही तुकडे जुळवून आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, मग चासीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच पूर्ण वेल्डिंग, तेही आलटून पालटून थोडं थोडं, नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि गाडी जन्मभर तिरकी धावते. गिअरचा रॉड तेवढाच कापावा लागतो. जोडताना त्याला जरा पीळ बसला की गिअर सापडत नाहीत, आणि दोष नाहक गिअरबॉक्सच्या माथी जातो.

वजन उतरल्यावर मूळ सस्पेन्शन कडक पडतं आणि गाडी ताठ उभी राहते. मागच्या टॉर्शन बारला, म्हणजे त्या पिळाच्या दांड्याला, आतल्या टोकाला 40 खाचा, बाहेरच्या टोकाला 44. आतली एक खाच म्हणजे 9 अंश, बाहेरची सुमारे 8.2. एक टोक पुढे, दुसरं मागे फिरवलं की अंशापेक्षाही कमी फरक साधता येतो. अशी सोय आजच्या गाड्यांत शोधून सापडायची नाही. मात्र जुन्या बीटलचा मागचा अ‍ॅक्सल स्विंग प्रकारचा, म्हणजे चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलतो. गाडी फार उंच ठेवली तर जोरदार वळणावर बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी पलटी खाते.

बाकी दुखणी नेहमीची: बोल्टखाली रुंद वॉशर नसला की फायबर तडकतं, एअर फिल्टर स्वस्तातला घेतला की इंजिन वाळू खातं.

ही रचना टिकते का, याचं उत्तर 1967 साली मिळालं. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ हे अंतर मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी 34 तास 45 मिनिटांत कापलं आणि मोटरसायकलचा विक्रम पाच तासांनी मोडला. त्यानंतर नकलांचं पेव फुटलं. मेयर्स पेटंटसाठी कोर्टात गेले, तिथे हरले.

आपल्याकडे कोणी जुनी गाडी कापायच्या विचारात असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचावं. मूळ रचना अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

2019 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फोक्सवॅगननेच विजेवरची आय.डी. बग्गी मांडली. छप्पर नाही, दारं नाहीत, 150 किलोवॅटची मोटर मागे, जमिनीपासून उंची 240 मिलिमीटर. दिसायला मँक्सची सख्खी नात. पण तिच्या 62 किलोवॅट-अवरच्या बॅटरीचंच वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे जातं. ही बग्गी प्रदर्शनापुरतीच राहिली.