तळापासून फूटभर वर

[पहाट. तळ्यावर धुकं. आरशासारखं पाणी, त्यावर एक नारिंगी ठिपका.]

हा नारिंगी गोळा गेली वीस मिनिटं जागचा हललेला नाही. आकारानं बोराएवढा. त्याच्या खाली पाच मीटर तंगूस सरळ लोंबतोय, आणि तंगुसाच्या टोकाला आहे तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी एक माशी. खोटी माशी. गळाभोवती दोरा आणि तार गुंडाळून बनवलेली.

लांबून बघणाऱ्याला वाटेल, दोन माणसं नावेत बसून झोपा काढतायत.

[तळ्याचं विस्तृत दृश्य. पाइनची झाडं.]

हे रोश लेक. कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत, कॅम्लूप्स शहराच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचीवर. मे महिना आहे. तळ्यावरचं बर्फ फार दिवसांपूर्वी वितळलेलं नाही. कॅम्लूप्स हे नाव मूळचं इथल्या सेक्वेपमक लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'नद्या मिळतात ती जागा'. नॉर्थ थॉम्प्सन आणि साउथ थॉम्प्सन तिथं एक होतात. मी कऱ्हाडचा. कृष्णा-कोयनेच्या काठी वाढलेल्या माणसाला हा अर्थ दोनदा समजावून सांगावा लागत नाही.

लहानपणी आमचा गळ म्हणजे काठी, तंगूस, भेंडाचा तुकडा आणि गांडूळ. भेंड बुडालं की ओढायचं. इथं आलो तेव्हा वाटलं, या नारिंगी गोळ्यात नवीन ते काय? भेंडच तर आहे. इंग्रजी नाव तेवढं भारदस्त: स्ट्राइक इंडिकेटर. मासा लागल्याची खूण.

काका म्हणाले, "नावावर जाऊ नका. खूण दाखवणं हे त्याचं दुय्यम काम."

[नावेत. काकांचे हात, खोट्या माश्यांची डबी.]

काका नात्यानं माझे कुणी नाहीत. इथल्या मराठी मंडळींत सगळेच त्यांना काका म्हणतात. निवृत्त आहेत, बोलतात कमी.

गोळ्याचं पहिलं काम माशी एका खोलीवर टांगून ठेवणं. का, ते समजायला तळाशी जावं लागेल.

[पाण्याखालचं दृश्य. चिखल, त्यात लाल अळ्या.]

या तळ्यांत ट्राउट माशाच्या पोटात सगळ्यात जास्त काय जात असेल, तर कायरोनोमिड. दिसायला डासासारखा, पण चावत नाही. त्याची अळी तळाच्या चिखलात नळी करून राहते. तिथं प्राणवायू कमी, म्हणून तिच्या अंगात आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन असतं. रंग त्यामुळंच लालभडक. पुढं अळीचा कोश होतो. कातडीखाली वायू साठतो, कोश चांदीसारखा चमकायला लागतो आणि सावकाश, अगदी सावकाश वर निघतो. पृष्ठभागावर आला की कात टाकून पंख फुटलेला कीटक उडून जातो.

पण निघण्याआधी हे कोश तळाच्या जरा वर बराच वेळ घुटमळतात. ट्राउट तिथंच फिरत असतो. त्याला धावावं लागत नाही, तोंड उघडायचं आणि मिटायचं. त्यामुळं आपली माशी तळापासून फूटभर वर, जवळजवळ स्थिर हवी. तीन फूट वर राहिली, तर अख्खा दिवस वाया जाऊ शकतो. नुसता दोरा सोडून ओढत राहिलो तर माशी एका खोलीवर थांबत नाही. गोळा लावला की थांबते.

[जवळून: चिमटा माशीच्या गळाला अडकवताना.]

खोली मोजायची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्र नाही. डॉक्टरांकडे असतो तसला आवळून बसणारा चिमटा घ्यायचा आणि माशीलाच अडकवायचा. नावेच्या कडेनं खाली सोडायचा. तळाला टेकला की दोरा ढिला पडतो. तिथून फूटभर वर उचलायचं, आणि दोरा पाण्याला जिथं शिवतो तिथं गोळा पक्का करायचा. झालं. सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र, बसवलेल्या नावा बाजूलाच असतात, त्यांच्या पडद्यावर आकडा दिसतो. काकांचा भरवसा चिमट्यावर.

आज आकडा आला साडेपाच मीटर. म्हणजे अठरा फूट.

आणि इथंच घोटाळा सुरू होतो.

[कागदावर पेन्सिलीनं काढलेली आकृती: काठी, दोरा, गोळा, माशी.]

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे अशा खोट्या माशीनं मासे धरताना, माशीला फेकता येईल एवढं वजन नसतं. वजन असतं जाड, रंगीत दोऱ्याला. त्याच्या टोकाला पारदर्शक तंगूस जोडतात, तो लीडर. अठरा फूट पाण्यात लीडर वीस फुटांचा तरी हवा, कारण गोळा बसतो लीडरवरच. काठी मात्र दहा फुटांची.

पहिल्या वर्षी मी दोऱ्यावर घट्ट आवळायचा साधा गोळा लावला होता. मासा लागला, दमला, जवळ आला. मी चकरी फिरवतोय, आणि गोळा काठीच्या टोकाच्या कडीत येऊन अडकला. आता दोरा आत येईना. मासा काठीच्या टोकापासून सतरा फुटांवर, नावेपासून तीन मीटर लांब, आणि माझ्या जाळीचा दांडा मीटरभर. मी काठी मागं वाकवली, वाकून हात लांबवला, नाव कलली, काका ओरडले. माशानं एक झटका दिला आणि निघून गेला. त्या दिवशी नंतर नावेत कुणी फारसं बोललं नाही.

[जवळून: गोळा, त्यातली खुंटी, दोऱ्याचा छोटा फास.]

म्हणून हा सुटणारा गोळा. मधून आरपार भोक, भोकात बसणारी छोटी खुंटी. दोरा भोकातून ओवायचा, वरच्या बाजूला त्याचा बारीकसा फास काढायचा आणि खुंटी दाबून तो फास चिमटीत पकडल्यासारखा धरायचा. मासा लागून दोरा ताणला की फास सुटतो आणि गोळा दोऱ्यावरून मोकळा घसरतो. एवढीशी युक्ती! पण तिच्यामुळं वीस फुटांचा लीडर कडीतून सरसर आत घेता येतो. फास मोठा झाला तर सुटत नाही, फारच लहान झाला तर फेकतानाच सुटतो. किती, ते बोटांना कळायला एक मोसम जातो.

घसरलेला गोळा थेट माशाच्या तोंडावर आदळू नये म्हणून माशीच्या दीड-दोन फूट वर एक इवलीशी काळी भोवरकडी बांधलेली असते. गोळा तिथं अडतो. दोऱ्याला पीळ बसू नये हे तिचं दुसरं काम, आणि तिचं वजन माशीला खाली न्यायला मदत करतं, हे तिसरं.

लीडरचा वरचा भाग जाड, म्हणजे फेक नीट उलगडते. खालचा बारीक आणि फ्लोरोकार्बनचा. नायलॉनची घनता साधारण १.१४, फ्लोरोकार्बनची १.७८. पाण्याची १. आकडे बघितले की कोण लवकर बुडेल हे सांगायला नको. शिवाय पाण्यात तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो, असं विकणारे छातीठोक सांगतात. माशाला विचारून कुणी आलेलं नाही. मी बुडण्यासाठीच तो घेतो.

गाठ आवळण्याआधी ओली करायची. कोरड्या गाठीत घर्षणानं तंगूस तापतो आणि नेमका तिथंच कमजोर होतो. काका त्यासाठी थुंकी वापरतात. माशीला मात्र घट्ट गाठ नाही, उघडा फास. म्हणजे ती मोकळी लोंबते, कोशासारखी.

[नाव. पुढून आणि मागून सोडलेले नांगर.]

दोन नांगर का? एका नांगरावरची नाव वाऱ्यासोबत झोके खाते, आणि नाव फिरली की माशी ओढली जाते. एवढं मोजून केलेलं सगळं पाण्यात.

[काकांची फेक. संथ, रुंद वेटोळं.]

फेक जवळची, दहा-बारा मीटर. घाई केली की एवढ्या लांब लीडरचा गुंता होतो, आणि तो सोडवण्यापेक्षा नवा बांधणं परवडतं. मग थांबायचं, माशी खाली पोचेपर्यंत.

वारा नसेल तर मधूनच दोरा किंचित हलवायचा. लाटा असतील तर ते काम लाटाच करतात, गोळा डुलतो, खाली माशी हलते. वारा वाढला की मात्र गोळा पुढं वाहतो, लीडरला पोक येतो आणि माशी वर उचलली जाते. अशा वेळी जरा जड माशी लावायची. ऊन तिरपं होऊन पाणी चकाकायला लागलं की नारिंगी रंग हरवतो, तेव्हा काळा गोळा.

[गोळा. बराच वेळ काहीच घडत नाही.]

भेंड कसं, 'डुबुक' करून जायचं. इथं तसं होईलच असं नाही. कधी गोळा नुसता तिरपा होतो. कधी चक्क वर उचलला जातो, कारण माशानं खालून माशी घेतली आणि तो वर निघाला. आपण विचार करतो, लाट असेल का? तेवढ्यात त्यानं ती थुंकलेली असते.

[गोळा किंचित कलतो.]

"मारा!"

[काठी वाकते. खुंटीतून फास सुटतो, गोळा दोऱ्यावरून घसरतो.]

रेनबो ट्राउट. दोनदा हवेत उडी. तिसऱ्यांदा नावेखाली. गोळा भोवरकडीवर जाऊन बसलाय, लीडर कडीतून आत येतोय. काका जाळी पाण्यातच धरून आहेत. तिकडं दूर लून पक्ष्यानं मान वर केली. हा इथला उचल्या, गळाला लागलेला मासा नावेशेजारून पळवतो.

यावेळी आम्ही आधी पोचलो. जाळी पाण्याबाहेर काढायचीसुद्धा गरज पडली नाही. चिमट्यानं गळ सोडवला, मासा क्षणभर जागेवर थांबला आणि खाली गेला.

[दुपार. पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या काती. वारा.]

दुपारी पाण्यावर काती दिसायला लागल्या, सकाळच्यापेक्षा बारीक. काकांनी डबी उघडून एक नंबर लहान माशी काढली. वारा फिरला होता. दोन्ही नांगर उचलले, शंभरेक मीटर सरकलो, पुन्हा टाकले.

मी गोळा होता तिथंच ठेवून फेकायला निघालो होतो. काकांनी न बोलता चिमटा पुढं केला.

[चिमटा पाण्यात उतरतो. तंगूस ताठ. अजून ताठ. मग ढिला.]

"किती?"

"दोन फूट जास्त."

[खुंटी निघते. गोळा वर सरकतो.]