न ठणकणारा पाय

दोन पाय, दोघांचेही अंगठे टोकाला काळे पडलेले. धमन्या दोघांच्याही तुंबल्यात. एकाला मधुमेह आहे. दुसऱ्याला नाही, पण विडी सुटलेली नाही.

विडीवाल्याची धमनी बहुधा वर तुंबते, ओटीपोटात किंवा मांडीत. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की उतरते. पुढे रात्री पाऊल असं ठणकतं की तो पाय खाटेखाली सोडून बसून राहतो. हे दुखणंच त्याला दवाखान्यात आणतं. वरच्या धमन्या रुंद, त्यात स्टेंट बसवणं तुलनेनं सोपं.

मधुमेहात रोग गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत पसरतो. त्यात नसा बधिर. चप्पल चावली, खडा रुतला, पत्ता लागत नाही. चादरीवर पूचा डाग दिसेपर्यंत जखम आत हाडाला भिडलेली असते.

नेहमीची तपासणीही इथं फसवते. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं, उत्तर ०.९ किंवा कमी आलं तर धमनी तुंबलेली. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, रक्तदाबाचा पट्टा कितीही फुगवा, नळी दबत नाही. उत्तर १.४ च्या वर जातं, किंवा छान १.१ येतं. समोर काळा अंगठा असताना या १.१ वर विसंबणं म्हणजे निव्वळ हलगर्जी. अशा वेळी छोटा पट्टा अंगठ्याला बांधून दाब मोजतात. जखम असलेल्या पायात तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली आला, तर रक्तपुरवठा तातडीनं सुरू करावा लागतो.

रोग या थराला गेल्यावर वर्षभरात साधारण चारातला एक रुग्ण दगावतो, तोही बरेचदा हृदयविकारानं. म्हणून ॲस्पिरिनसारखी गोळी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन दोघांनाही. पाय गमावण्याचा धोका मात्र मधुमेहीला जास्त.

तरी मधुमेहीच्या पावलातली धमनी पुष्कळदा उघडी सापडते. पायातलीच चांगली शीर मिळाली, तर तिथपर्यंत बायपास होतो. नाहीतर बारीक फुग्यानं अँजिओप्लास्टी.

चुकतं ते क्रमात. पू असेल तर तो आधी काढायचा, त्यासाठी अँजिओग्राफीची वाट पाहायची नाही. मग लगेच रक्तपुरवठा. मेलेलं बोट त्यानंतर. रक्त न पोहोचवताच कोरडं काळं बोट कापलं, तर टाके उसवतात, कडा काळ्या पडतात, मग अर्धं पाऊल जातं, मग गुडघ्याखालचा पाय. बोट कापायच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी नातेवाइकांनी विचारावं: अंगठ्याचा दाब किती आला?