घोड्यावरचा म्हातारा

श्रोतेहो, नमस्कार.

अथेन्समध्ये स्तादिऊ रस्त्यावर ग्रीसच्या जुन्या संसदेची इमारत आहे. तिच्यासमोर काशाचा एक घोडेस्वार उभा आहे. डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण, उजवा हात लांबवर रोखलेला. हा थिओदोरोस कोलोकोत्रोनिस, तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती. लाझारोस सोखोस या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९०४ साली अथेन्समध्ये उभा राहिला.

आता त्या शिरस्त्राणाचंच बघा. ते ग्रीक नाही. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी झांते या ग्रीक बेटावर हा गडी इंग्रजांच्या पलटणीत होता, तिथली ती आठवण. जुन्या संसदेत आता इतिहास संग्रहालय आहे आणि खरं शिरस्त्राण तिथेच ठेवलंय. म्हणजे बाहेर काशाचं, आत अस्सल.

१८२२च्या जुलैमध्ये देर्वेनाक्याच्या खिंडीत त्याने तुर्कांचा सेनापती द्रामाली पाशा याच्या फौजेची दाणादाण उडवली. पण त्याआधी, १८२१मध्ये, त्रिपोलित्सा शहर ग्रीकांच्या हाती पडलं तेव्हा तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची सरसकट कत्तल झाली. वेशीपासून वाड्यापर्यंत माझ्या घोड्याचा पाय जमिनीला लागला नाही, असं त्याने स्वतःच पुढे आठवणींत सांगितलंय. पुतळ्यातला घोडा बघताना मला तरी हे वाक्य विसरता येत नाही.

आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर काय झालं? बव्हेरियाहून आणलेला राजा ओथोन अजून वयात यायचा होता, कारभार त्याच्या पालकमंडळाच्या हाती. त्यांनी या म्हाताऱ्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. १८३४मध्ये नाफ्प्लिओला खटला चालला. न्यायाधीश पाच. त्यातल्या पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी मृत्युदंडाच्या निकालावर सही करायला साफ नकार दिला. शिपायांनी त्यांना ओढत न्यायासनावर आणून बसवलं, तरी सही नाही म्हणजे नाही! तिघांच्या बहुमताने शिक्षा सुनावली गेलीच. वर या दोघांवरही खटला भरला, त्यातून ते सुटले. पुढच्या वर्षी राजा सज्ञान झाला आणि कोलोकोत्रोनिसला माफी मिळाली.

त्याला लिहिण्यावाचण्याचा फारसा सराव नव्हता. म्हातारपणी त्याने आपल्या आठवणी तोंडी सांगितल्या. त्या उतरवून घ्यायला समोर कोण बसलं होतं, ठाऊक आहे? तेर्त्सेतिस. तोच, सही न करणारा.