सुधाकराचा पहिला प्याला

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक शिकवताना पहिल्याच तासाला मी विचारते, सुधाकर दारू का पितो? वर्गातून उत्तर येतं, त्याच्या कारकुनाने, तळीरामाने पाजली म्हणून. मग मी पहिला अंक पुन्हा वाचायला लावते.

सुधाकर हुशार, मानी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सहा महिन्यांसाठी वकिलीची सनद जाते. ज्या मानीपणाने त्याला गरिबीतून वर काढलं, त्यालाच घाव बसतो. तळीराम प्याला पुढे करतो तो या घावावरचं औषध म्हणून. दारूची ओढ अजून लागलेलीच नाही.

ही गाठ लक्षात ठेवून पुढे या. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो, खरोखर सोडतो. काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि तिथे बेवडा म्हणून झिडकारला जातो. पुन्हा अपमान, पुन्हा प्याला. गडकऱ्यांनी तोच टाका दुसऱ्यांदा घातला आहे आणि पाच अंकांचं नाटक त्याच्यावर तोललं आहे. म्हणून याला नुसतं दारूबंदीचं नाटक म्हटलं की मला वाईट वाटतं.

आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेश बाजूला काढू नका. तिथे आपण पोट धरून हसतो आणि हसता हसता दारुड्यांच्या बैठकीत बसलेले असतो. मग तळीराम मरतो, आणि सुधाकराचं घर किती रिकामं झालं आहे ते एकदम डोळ्यांत भरतं.

आता सुधाकराची बायको सिंधू. तिला सोशिक पतिव्रता म्हणून आपण फार लवकर हातावेगळी करतो. माहेर श्रीमंत, भाऊ मदतीला उभा, तरी नवऱ्याला दिलेल्या शब्दाखातर ही जात्यावर लोकांचं दळण दळते. तो प्रवेश जरा थांबून वाचा. एक हात जात्याच्या खुंट्यावर, जवळ तान्हं मूल, आणि दळलेलं पीठ घरचं नाही. बालगंधर्वांनी ही भूमिका ठिगळांच्या लुगड्यात उभी केली. भरजरी शालूंत त्यांना पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांना ते लुगडंच किती बोललं असेल! गडकऱ्यांच्या नशिबी मात्र हे पाहणं नव्हतं. २३ जानेवारी १९१९ला ते गेले आणि त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आलं. पदंही विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिलेली.

शेवटी सुधाकराच्या काठीने मूल जातं, सिंधू मरणाच्या दारी पडते. फौजदार जबाब घ्यायला उभा असतो. नवऱ्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी उपाशी राहिलेली ही बाई त्याला वाचवायला एकदाच खोटं बोलते. मला या बाईचा राग येतो आणि रडूही येतं, आणि इतकी वर्षं शिकवूनही दोन्ही वेगळं करता आलेलं नाही. तुम्ही तो जबाब मोठ्याने वाचा. सावकाश वाचा, गळा काढून नको. तिला धाप लागलेली आहे, आणि तेवढ्या श्वासात तिला सगळं जुळवून सांगायचं आहे.