मेळघाटातलं ‘भोजपत्र’ खरं कोणाचं भाऊबंद?

(कॅमेरा आधी पांढऱ्या खोडावर, मग माझ्याकडे)

नमस्कार मंडळी! हे मागचं झाड बघा. पांढरंफटक खोड, कागदासारखे पापुद्रे सुटलेले. याला कुलू म्हणतात, अन् रात्री चांदण्यात चमकतं म्हणून भुत्याही. परवा गावातल्या एका काकांनी मला छातीठोकपणे सांगितलं, "बाप्पा, हेच भोजपत्राचं झाड!"

नाही काका. भोजपत्र भूर्जाचं, आणि भूर्ज हिमालयातला. साधारण ३००० मीटरच्या वर, पुढं झाडंच उगवत नाहीत त्या हद्दीपर्यंत तो वाढतो. आपला चिखलदरा १२०० मीटरही भरत नाही. गंगोत्रीहून गोमुखाला जाताना भोजबासा लागतं, ते नाव या झाडावरूनच पडलं.

डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं: बेट्युला युटिलिस. बेट्युला हा वंश, युटिलिस ही त्यातली जाती. युटिलिस म्हणजे उपयोगी. किती उपयोगी? पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ साली जमिनीत गणिताची एक पोथी सापडली, ती भूर्जाच्या सालीवर लिहिलेली आहे. तिच्यात शून्यासाठी टिंब वापरलंय! सालीनं ते टिंब इतकी शतकं जपलं, हे वाचून मला फार भरून आलं होतं.

पण साल सारखी दिसली म्हणून झाडं भाऊबंद होत नाहीत. कूळ ठरवताना मुख्यतः फूल-फळ बघतात. भूर्जाला लोंबते तुरे येतात. नराचे वेगळे, मादीचे वेगळे, पण एकाच झाडावर. पराग वारा नेतो. फळ इवलंसं, दोन्ही बाजूंना पातळ पंख. म्हणून कूळ बेट्युलेसी, गण (म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट) फॅगेल्स. याच गणात अक्रोड येतो, आणि समुद्रकाठचा सुरूसुद्धा.

मग आपला कुलू? स्टर्क्युलिया युरेन्स. जुन्या पुस्तकांत त्याचं कूळ वेगळं, स्टर्क्युलिएसी. पुढं डीएनए तपासला गेला अन् ते अख्खं कूळ मॅल्व्हेसीत आलं. मॅल्व्हेसी म्हणजे भेंडी, अंबाडी, जास्वंद... आणि तुमच्या वावरातली पऱ्हाटी! धुऱ्यापलीकडचा हा भुत्या पऱ्हाटीचा नातेवाईक आहे, भूर्जाचा नाही.

उन्हाळ्यात पानं झडलेल्या कुलूवर पाच टोकांच्या चांदणीसारखं लाल फळ दिसेल. फोटो काढा, पण हात लावू नका. त्यावरचे केस टोचतात. नावातलं ‘युरेन्स’ म्हणजे तेच, आग करणारं.