दार क्रमांक 11211

(काळा पडदा. घड्याळाचे आकडे उमटतात : 28 फेब्रुवारी 2018, रात्रीचे 10:51.)

बुधवारची रात्र. दुसऱ्या दिवशी होळी. हिंजवडीत त्या वेळी कुणी कोड चढवत बसलं असेल, तर त्याला आधी वाटलं असेल की आपलंच वायफाय गेलं.

वायफाय ठीक होतं. गिटहब गेलं होतं. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात, ती जागा पाच मिनिटं पूर्ण बंद होती आणि पुढची चार मिनिटं ये-जा करत होती. एकूण नऊ मिनिटांची ही गोष्ट. पण त्या नऊ मिनिटांत गिटहब बंद पाडण्यासाठी सोडलेला लोंढा सेकंदाला 1.35 टेराबिटपर्यंत चढला. पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मोजली तर सेकंदाला 12 कोटी 69 लाख. तोवर जाहीर झालेल्या कुठल्याही हल्ल्यात एवढा आकडा दिसला नव्हता.

(नकाशावर हजारो ठिपके. प्रत्येकातून एक रेघ एकाच बिंदूकडे.)

हे ठिपके नीट बघा. हजाराहून जास्त नेटवर्कांमधले हे सर्व्हर. यातला एकही हल्लेखोराच्या मालकीचा असायची गरज नव्हती. त्यांत व्हायरस शिरला नव्हता, कुणी पासवर्ड फोडला नव्हता. कुणीतरी प्रश्न विचारला आणि त्यांनी इमानदारीत उत्तर दिलं, एवढंच.

हे सगळे सर्व्हर मेमकॅश्ड नावाचं सॉफ्टवेअर चालवत होते.

(स्वयंपाकघर. ओट्यावर मिसळणाचा डबा. फोडणीचा चर्र आवाज.)

रोजच्या फोडणीला लागणारी मोहरी-हळद कुणी दर वेळी कोठीच्या खोलीतून आणत नाही. मिसळणाचा डबा हाताशी असतो. मेमकॅश्ड म्हणजे वेबसाइटचा मिसळणाचा डबा. 2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी तो लाइव्हजर्नल या साइटसाठी लिहिला. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती डेटाबेसमधून उपसत बसण्यापेक्षा मेमरीत ठेवायची आणि मागितली की लगेच द्यायची. कल्पना इतकी कामाची की पुढे मोठमोठ्या साइट्सनी ती उचलली.

मिसळणाच्या डब्याला कुलूप नसतं. का असावं? तो घराच्या आत असतो. मेमकॅश्डही आपल्याशी बोलणाऱ्याला तू कोण, असं विचारत नसे. अडचण इथेच होती. मूळ सॉफ्टवेअर जसंच्या तसं बसवलं, काही न बदलता सुरू केलं, तर ते यंत्राच्या सगळ्या वाटांवर कान देऊन बसायचं, म्हणजे रस्त्याकडच्या, इंटरनेटच्या वाटेवरही. आणि माहिती पाठवायच्या दोन पद्धतींपैकी टीसीपीबरोबर यूडीपीवरही. दोन्हींचा पोर्ट, म्हणजे दार क्रमांक, एकच : 11211. काही लिनक्स वितरणांनी शहाणपणा करून आपल्या पॅकेजमध्ये ते घरापुरतं बांधून ठेवलं होतं. पण सगळे काही पॅकेजातून बसवत नाहीत. हल्ल्याच्या आदल्या दिवसापर्यंत शोदान या शोधयंत्राला असे सुमारे 88 हजार उघडे डबे दिसत होते.

टीसीपी आणि यूडीपी यांतला फरक जुन्या पोस्टातला माणूस लगेच ओळखेल. टीसीपी म्हणजे ट्रंक कॉल : पलीकडून "हॅलो" आल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, म्हणून दुसऱ्याचा नंबर आपला म्हणून सांगता येत नाही. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड. पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही कुणाचाही पत्ता लिहा, पोस्टमन विचारायला येत नाही.

हल्लेखोर करायचा ते इतकंच. आधी डब्यात स्वतःच एक भलामोठा पदार्थ भरून ठेवायचा. मग 15 बाइटचं एक कार्ड टाकायचं : "तो पदार्थ द्या." पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता गिटहबचा. सर्व्हर तो अख्खा पदार्थ गिटहबच्या अंगावर टाकून मोकळा. 15 बाइटला साडेसात लाख बाइटचं उत्तर आल्याचं क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांनी मोजलं आहे. म्हणजे पन्नास हजार पटींहून जास्त. करून गेला गाव आणि कांदळकरचं नाव, ते असं.

(जुनी चाळ. अंगणातून एक हाक. प्रत्येक मजल्यावरून "ओ!")

नेटवर्क चालवणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाच खेळ पिंगवर, म्हणजे "आहेस का?" एवढंच विचारणाऱ्या पॅकेटवर, चालायचा. अख्ख्या नेटवर्कला उद्देशून एक हाक मारायची, तीही तिसऱ्याच्या नावाने. सगळी चाळ "ओ" देते आणि त्या तिसऱ्याचे कान फुटतात. 1995 च्या राउटरविषयक मानकात लिहिलं होतं की कुणी मुद्दाम बंद केलं नसेल, तर अशी हाक पुढे जाऊ द्या. ऑगस्ट 1999 मध्ये डॅनियल सेनी यांच्या छोट्याशा दस्तऐवजाने ते वाक्य उलटं केलं : कुणी मुद्दाम चालू केलं नसेल, तर अडवा. त्याच सुमाराला, 1998 मध्ये, सेंडमेल या टपाल-सॉफ्टवेअरनेही वाटेल त्याची मेल वाटेल तिथे पोचवायची आपली जुनी सवय मुळातूनच बंद केली. तोवर ती माणुसकी समजली जायची. स्पॅमवाल्यांनी तिचं काय केलं ते आपण अजून भोगतोय.

म्हणजे औषध माहीत होतं. आणि दुसरं औषधही होतं. मे 2000 मध्ये पॉल फर्ग्युसन आणि हेच सेनी यांनी लिहिलेली शिफारस, जिला या धंद्यातले लोक नुसतं "बीसीपी 38" म्हणतात. तिचं सांगणं साधं : तुमच्या ग्राहकाकडून निघणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता त्या ग्राहकाचाच आहे ना, हे तुमच्याच वेशीवर तपासा. खोट्या पत्त्याचं कार्ड गावाबाहेर जाऊच देऊ नका.

अठरा वर्षं उलटली तरी अनेक वेशींवर हा पहारा नव्हता. यात आळस आहेच. पण नुसता आळस म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. ज्या ग्राहकाने दोन कंपन्यांकडून लाइन घेतली आहे, त्याचं खरं पॅकेटही तपासणीत अडकू शकतं, आणि मग रात्री दोनला फोन तुम्हालाच येतो. तपासणीचा खर्च तुमचा, वैताग तुमचा. वाचणार कोण? दुसऱ्या टोकाचं, कधी न पाहिलेलं नेटवर्क. माझ्या मते बीसीपी 38 ची सगळी रखडपट्टी या हिशेबात आहे.

(नियंत्रण कक्ष. पडद्यावर आलेख सरळ वर चढतो.)

त्या रात्री गिटहबने स्वतः लढायचा प्रयत्न केला नाही. आपल्याकडे येणारे सगळे रस्ते त्यांनी अकामाई या कंपनीच्या नेटवर्ककडे वळवले आणि लोंढा तिथे गाळला गेला. काही मोठ्या कणा-नेटवर्कांनी 11211 वरून येणाऱ्या यूडीपीचा वेगच आवळला. दुसऱ्याच्या वाहतुकीत हात घालायचा नाही, हे ज्यांचं व्रत, त्यांनी ते केलं, यावरून परिस्थिती ओळखा.

मग दोन विचित्र गोष्टी घडल्या. अकामाईला काही हल्ल्यांच्या पॅकेटांतच खंडणीची चिठ्ठी सापडली : 50 मोनेरो (हे एक आभासी चलन) भरा. डब्यात काहीही भरता येतं, म्हणून तिथे चिठ्ठीच भरली होती. आणि दुसरी : हल्ला करणाऱ्या सर्व्हरला उलट "फ्लश ऑल" हा आदेश पाठवला, तर तो आपला डबा रिकामा करतो आणि हल्ला तिथेच थांबतो, हे काहींच्या लक्षात आलं. यावर मोठा वाद झाला. डबा शेजाऱ्याचा, त्यातलं मीठ-मिरचीही शेजाऱ्याचं. आपल्या घरावर दगड येताहेत म्हणून त्याच्या ओट्यावरचा डबा उपडा करावा का? आणि आदेश चुकीच्या घरी गेला तर?

(मॉडेमची मागची बाजू. चिकटवलेला कागद : नाव "ॲडमिन". पासवर्डही "ॲडमिन".)

याच्या सात महिने आधी, जुलै 2017 मध्ये, आपल्याकडेही बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मॉडेम मालवेअरने बंद पाडले होते. बीएसएनएलने मग लोकांना विनंती केली : कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. पण आजोबांनी मॉडेमच्या पानावर जाऊन पासवर्ड बदलावा, ही अपेक्षा जो करतो, त्याने आजोबा पाहिलेले नसतात.

मेमकॅश्डच्या कर्त्यांनी अशी अपेक्षा केली नाही. गिटहबवरच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, 27 फेब्रुवारीला, 1.5.6 ही आवृत्ती आली. तिच्यात यूडीपी मुळातूनच बंद होतं. कुणाला हवंच असेल, तर त्याने सुरू करताना "यू" या पर्यायापुढे पोर्टचा आकडा स्वतःच्या हाताने लिहायचा.

(काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत आधीचा आकडा : 11211. तो पुसला जातो. त्या जागी : 0, म्हणजे यूडीपीचं दार बंद.)

जुन्या आवृत्तीवर चालणारे डबे मात्र त्या रात्रीही तसेच उघडे होते. पाच दिवसांनी, 5 मार्चला, आर्बर नेटवर्क्स या नेटवर्क-सुरक्षा कंपनीने कळवलं : अमेरिकेतल्या एका सेवा पुरवठादाराच्या ग्राहकावर असाच हल्ला झाला. सेकंदाला 1.7 टेराबिट.